कोऱ्या जागेवरची रेघ

आमच्या घरात कागदावर कोरी जागा ठेवायची नाही, असा नियम होता. रेशनकार्डाचा अर्ज असो, शाळेचं प्रगतिपुस्तक असो की गॅसचं पत्र, बाबा सही करण्याआधी चष्मा चढवून कागदावरची उरलेली प्रत्येक मोकळी जागा शोधायचे आणि तिच्यावर तिरकी रेघ मारायचे. माझ्या नववीच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी काही लिहिण्याआधीच बाबांनी रेघ मारून ठेवली होती, आणि त्यावरून बाईंनी मला तासभर उभं केलं होतं. ही सवय त्यांना गिरणीने लावली. गिरणी बंद पडायच्या दिवसांत ऑफिसातल्या कुणीतरी हजेरीसाठी लागते म्हणून एका कोऱ्या कागदाच्या तळाशी त्यांची सही घेतली. महिन्याभराने त्याच सहीच्या वर, मी आपण होऊन नोकरी सोडत आहे, असा मजकूर उमटला. त्यानंतर बाबांचा माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. पुढे मरोळच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागले, तिथेही नेमणुकीच्या पत्रावर इतक्या रेघा मारल्या की मालक हसला म्हणे. बाबा हसले नाहीत.

मुलुंडला पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचे डबे करणारा कारखाना होता. त्याचं प्रेस सकाळी आठपासून धाड-खट्, धाड-खट् चालायचं, आणि आमचं सगळं घर त्या तालावर हलायचं. आई घावण्याचं पीठ तव्यावर ओतायची त्याचा चर्र, खोबरं खवताना विळीचा पाट हलायचा त्याची टकटक, आणि समोरच्या दारात हंसाबेनची आपल्या पोपटाशी चाललेली गुजराती कुरकुर. मजल्यावरचा एकुलता एक फोन याच हंसाबेनकडे होता. आमच्या सगळ्यांच्या अर्जांवर तिचाच नंबर असायचा आणि त्यापुढे, फोन शेजाऱ्याचा म्हणून, पी.पी. ही दोन अक्षरं. फोन आला की ती दारात येऊन ज्याचा असेल त्याच्या नावाने हाक मारायची. हे सगळे आवाज मला काढता यायचे. प्रेसचा, पोपटाचा, हंसाबेनचा, पाण्यावरून भांडणाऱ्या तळमजल्यावरच्या बायकांचा. मी हंसाबेनच्या आवाजात हाक मारली की बाबा खरोखर चपला घालून फोन घ्यायला निघायचे. असं दोनदा झालं आणि तिसऱ्यांदा मार बसला.

मी अकरावीत असताना आमच्या गणपतीत एकपात्री स्पर्धा होती. मी नळावरच्या भांडणाचं केलं. पाच बायका, एक हंडा आणि मधेच येणारा पोपट. लोक हसत होते, आणि तिसऱ्या रांगेत एक माणूस डोळे मिटून बसला होता. साठीकडे झुकलेला, धुवट झब्बा, मांडीवर वही. डोळे मिटलेले आणि ओठ मात्र हलत होते. मी जे बोलत होते त्याच्याबरोबर, अर्ध्या क्षणाने मागे, त्याचे ओठ हलत होते. आईने ते पाहिलं आणि तिच्या हातातली आरतीची घंटा तशीच राहिली. त्या माणसाचं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. स्पर्धेत त्याचं मूल नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, मागच्या आठवड्यात भांडुपच्या एका मंडळातही तो असाच डोळे मिटून बसला होता.

"करणी करता तो मेलो," आई घरी येऊन म्हणाली. "माझ्या चेडवाच्या तोंडातले शब्द खाय होतो. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी." आणि तिने मीठ-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून ती आणखीच घाबरली.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आमच्या दारात उभा. धुरी त्याचं आडनाव. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी कामगारांच्या नाटकांत विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करण्यात घालवली होती. समोरचा नट अडला की हळूच पुढचा शब्द पुरवायचा. ओठ हलायची खोड तिथली. आता नाटकं कमी झाली होती, होती त्यांत पाठांतर चोख असणारी नवी मुलं आली होती, आणि धुरीकाकांना काम उरलं नव्हतं. त्याच सुमारास नवनवे चॅनल सुरू होत होते. परदेशी कार्टून, परदेशी मालिका, सगळं हिंदीत करून हवं होतं, आणि अंधेरीच्या स्टुडिओंना आवाज कमी पडत होते. धुरीकाका गणपती, नवरात्र, शाळांची संमेलनं असं सगळीकडे जाऊन आवाज शोधायचे. डोळे मिटायचे, कारण चेहरा दिसला की आवाज नीट ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"फी किती?" बाबांनी विचारलं.

"फी कसली हो? तुम्ही काही द्यायचं नाही."

"मग तुमचा फायदा काय?"

"आवाज चांगला लागला की स्टुडिओवाले पुढच्या खेपेला मलाच विचारतात. एवढंच."

बाबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखत होते. पैसे मागणारा माणूस त्यांना परवडायचा, तो काय घेणार ते आधी कळायचं. काहीच न मागणाऱ्याचं त्यांना भय होतं. आई आतून मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तोंड नको म्हणता आणि आवाज होयो म्हणता. कसला काम ता, जेच्यात तोंड लपवूचा लागता?"

मी मात्र त्या रात्री झोपले नाही. मला पहिल्यांदाच कुणी शोधत आलं होतं. वर्गात माझी ओळख तेवढीच होती, काळी, दात पुढे असलेली, नकला करणारी. चेहरा नको म्हणणारा माणूस माझ्या दृष्टीने देवच होता. हट्ट करून, दोन दिवस न जेवता मी होकार मिळवला, पण अटी बाबांच्या. सगळ्यांनी मिळून जायचं, बाहेरचं काही खायचं-प्यायचं नाही आणि दार बंद करायचं नाही.

अंधेरीला आम्ही वरात घेऊन जावं तसे गेलो. बाबांनी रजा काढली होती. आईच्या पिशवीत घावणे, लसणीची चटणी आणि घरच्या पाण्याची बाटली. एका औद्योगिक इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तो स्टुडिओ होता. भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं, मधे जाड काच, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. आणि आवाजाच्या खोलीला बर्फाच्या कारखान्याला असावं तसं जाडजूड दार. ते दार बंद होणार हे दिसताच आईने चौकटीत पाय घातला. दार बंद झाल्याशिवाय रेकॉर्डिंग होणार नाही, असं रेकॉर्डिस्टने सांगितलं. माझी मुलगी एकटी आत राहणार नाही, असं आईने सांगितलं. बाबा काचेपलीकडे उभे राहून यंत्राच्या तारा कुठे जातात ते बघत होते. शेवटी आईलाच आत घेतलं. मी माइकसमोर, ती कोपऱ्यात स्टुलावर.

पहिली ओळ बोलले आणि कानातल्या हेडफोनमध्ये आवाज आला, "कोण बांगड्या वाजवतंय रे?" आईच्या हिरव्या बांगड्या. काढायला ती तयार होईना, सवाष्ण बाई भर दुपारी परक्या जागी बांगड्या काढते की काय. मग धुरीकाकांनी खिशातून दोन रुमाल काढले आणि तिच्या हातात दिले. तिने दोन्ही मनगटांना ते घट्ट गुंडाळले, हात मांडीवर ठेवले आणि माझी चाचणी संपेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला. काचेपलीकडे धुरीकाका डोळे मिटून माझ्याबरोबर ओठ हलवत होते. मी एका कार्टूनमधल्या खोडकर मुलीचं बोलले, मग तिच्या आजीचं, मग तिच्या कुत्र्याचं. कुत्र्याचं भुंकणं ऐकून रेकॉर्डिस्ट खुर्चीतून उठला.

आजही नवी मुलं मला विचारतात, मॅडम, पहिल्यांदा भीती वाटली का? मला आठवते ती आई. रुमाल बांधलेले हात, आणि मी भुंकले तेव्हा तिने खालचा ओठ दातांखाली दाबून आवरलेलं हसू.

नंतर फॉर्म आला. बाबांनी तो दोनदा वाचला, मोकळ्या जागांवर रेघा मारल्या, सही केली आणि फोनच्या रकान्याशी थबकले. मग हंसाबेनचा नंबर लिहिला, पुढे पी.पी. लिहिलं. मला ते थबकणं तेव्हा साधं वाटलं.

महिना गेला. हंसाबेनच्या दारातून कुणाकुणाला हाका आल्या, मला नाही. मी कॉलेजातून धावत यायचे, तिच्या दाराशी उगाच रेंगाळायचे. "माझा काही फोन?" ती पोपटाकडे बघत मान हलवायची. दिवाळीच्या चकल्या पाडताना आईने विषय काढला, "बघितलंस? डोळे मिटून बसणारो तो. तेका गिऱ्हाईक दुसरा गावला." बाबांची मान समाधानाने हलली. आणि खरं सांगते, मलाही ते पटलं. विश्वास ठेवायला जितका वेळ लागला होता, त्याच्या निम्म्या वेळात तो उडाला. आपल्या आवाजाची चाचणी दाखवून या माणसाने दुसरंच काही मिळवलं, आपला आवाज चोरला, आपल्याला बावळट बनवलं, अशा कल्पना मी रोज रंगवायचे. संशय घरात वाढला होता, मी त्याच्याच अन्नावर वाढले होते. वेगळी कशी निघणार?

मग हंसाबेनच्या टीव्हीवर ते कार्टून लागलं. तीच मुलगी, तीच आजी, तोच कुत्रा, आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा. कुत्रा तर अगदीच भिकार भुंकत होता. मी पायांत चपला अडकवल्या आणि तडक भांडुपला, धुरीकाका राहायचे त्या चाळीत गेले.

ते दारात कांदे निवडत बसले होते. मी नमस्कारसुद्धा केला नाही. "काका, फसवायला आमचंच घर सापडलं का तुम्हाला?"

त्यांनी वर पाहिलं. राग नव्हता, नुसतं आश्चर्य. "अगं, तू गावाहून कधी आलीस?"

"मी कुठे गेले होते?"

"दोनदा फोन केला मी. त्या गुजराती बाई म्हणाल्या, सगळे गावाला गेलेत, कधी येतील ठाऊक नाही. पहिल्यांदा स्टुडिओवाले आठवडा थांबले. दुसऱ्यांदा मी हातापाया पडून तीन दिवस थांबवलं." कांद्याचं टरफल त्यांनी बाजूला ठेवलं. "मोठं काम होतं, वैशू. वर्षानुवर्षं चालेल असं. ते म्हणाले, धुरी, तुमची माणसं भरवशाची नाहीत. आता मला तिथे बसू देत नाहीत."

मी कशी परत आले ते आठवत नाही. हंसाबेनचं दार उघडंच होतं. फोनच्या वर, भिंतीवर, खडूच्या दोन उभ्या रेघा होत्या. इतके दिवस रोज दाराशी रेंगाळूनही मी त्या पाहिल्या नव्हत्या.

"ए तो तारा पप्पाने सांगितलं होतं," हंसाबेन म्हणाली. "स्टुडिओचा फोन आला तर दोन वेळा बोलायचं, गावी गेले. तिसऱ्या वेळी आला तर बोलवायचं. मी बराबर मोजलं, बेटा. तिसरा आलाच नाय. तुला बोलू नको बोलले, तू रडशील म्हणून." तिला वाटलं होतं, आपण शेजारधर्म चोख पाळला. तिचं काय चुकलं?

बाबा कामावरून आले तेव्हा मी जिन्यातच गाठलं. "तिसरा फोन का?"

ते डब्याची पिशवी धरून उभे राहिले. "पहिलो फोन कोणीही करता," ते म्हणाले. "दुसरो लबाड माणूस करता. तेका घाई असता. खरो असता तो तिसऱ्यांदा करता." आणि मालवणी सोडून, ऑफिसात बोलावं तसं म्हणाले, "मला वाटलं होतं, तो करेल."

मी खूप ओरडले. तुमच्यामुळे माझं आयुष्य गेलं, तुम्हाला कुणी फसवलं म्हणून मी का भोगू, असलं सगळं. खाली प्रेस चालू होतं, नाहीतर अख्ख्या गल्लीने ऐकलं असतं. आई दारात येऊन म्हणाली, "पुरे गो." तिच्याही आवाजात जोर नव्हता.

पुढच्या रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, चल. आम्ही भांडुपला गेलो. आईने डब्यात खोबऱ्याच्या वड्या दिल्या होत्या. माफी मागणं बाबांना जमणारं नव्हतं, त्यांनी ती मागितली नाही. धुरीकाकांनी चहा केला. मग बाबांनी विचारलं, "दुसरो स्टुडिओ असतलोच ना खंय? फॉर्म आसा?" धुरीकाकांनी वहीतून एक फॉर्म काढला. बाबांनी चष्मा लावला नाही. एकही ओळ वाचली नाही. थेट तळाशी गेले, सही केली आणि अख्खा कोरा फॉर्म धुरीकाकांच्या पुढे सरकवला.

"तुमका भरूचा ता भरा."

आयुष्यात त्यांनी असा कागद कुणाच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही. धुरीकाकांनी तो हातात घेतला, बघितला. पेनचं टोपण काढलं. माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, हंसाबेनचा नंबर लिहिला. आणि मग उरलेल्या प्रत्येक मोकळ्या जागेवर, वरपासून खालपर्यंत, सावकाश एकेक तिरकी रेघ मारली.

"अशी कोरी सही कुणाला देऊ नये, भाऊ," ते म्हणाले. "मलाही नाही."

बाबांनी मान खाली घातली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

ते मोठं काम परत आलं नाही. ते कार्टून वर्षानुवर्षं चाललं आणि दरवेळी तो कुत्रा ऐकून माझं डोकं फिरायचं. मला गर्दीतले आवाज मिळाले, बाजारातल्या बायका, रडणारी बाळं, एक बेडूक. तिथून हळूहळू पुढे सरकले. रुमाल मात्र प्रत्येक कामाला पर्समध्ये असतात, नव्या मुलींच्या आयांसाठी.

आता बाबा नाहीत, धुरीकाका नाहीत, आणि अंधेरीतल्या एका लहानशा खोलीत मी तेच काम करते जे धुरीकाका करायचे. मुलं फोनवर स्वतःच चाचणी रेकॉर्ड करून पाठवतात, मी डोळे मिटून ऐकते. हल्ली फॉर्ममध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा आवाज कुठल्याही यंत्राला शिकवायला कायमचा वापरता येईल. एकदा दिला की मूल घरी बसलं तरी त्याचा आवाज कामाला जात राहणार. मी त्या ओळीवर रेघ मारते आणि मुलांच्या आईबापांनाही मारायला लावते. त्यावरून दोन स्टुडिओंशी माझं बिनसलं. बाबांना हे ऐकून बरं वाटलं असतं, आणि मला हे कुणी शिकवलं, असा संशयही आला असता.

गेल्या महिन्यात बोरिवलीहून एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. ईशा तिचं नाव, आवाज असा की ऐकताना माझे ओठ हलले. वडिलांनी ते पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. "तुमचा यात फायदा काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. नंबर दिला तो स्वतःचा नव्हता, वहिनीचा होता. असं का, हे मी विचारलं नाही.

काम आलं. मी फोन केला. "ते गावाला गेलेत," एक बाई म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली, आणि त्या शिट्टीची हुबेहूब नक्कल करणारा ईशाचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, गावाला गेलेत, ठाऊक नाही कधी येतील. स्टुडिओतला मुलगा म्हणाला, "मॅडम, सोडा ना यार, दुसरी घेऊ. ही लोकं सीरियस नाहीत." त्याला म्हटलं, उद्या दुपारपर्यंत थांब. तो थांबणार नव्हता. माझं एक पुढचं काम त्याला फुकट करून द्यायचं कबूल केलं, तेव्हा थांबला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नंबर लावला. त्याच बाईंनी उचलला. मी नाव सांगितलं. मग फोनवर हात ठेवून त्या आत कुणालातरी म्हणाल्या, "भाऊजी, त्याच बाई आहेत. परत. देऊ का ईशाला?"